लाईट जाते तिथे स्लीप की हायबरनेट? वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या प्रश्नांत निम्मे तरी एकाच गोष्टीभोवती फिरतायत, की कॉम्प्युटर रात्री कसा ठेवायचा. म्हणून यावेळी बाकीचे विषय बाजूला ठेवले आणि हेच घेतलं. सगळी उत्तरं विंडोज १० आणि ११ धरून दिलीत.

प्रश्न : मी घरी बसून दोन-तीन दुकानदारांचे हिशोब आणि जीएसटीचं काम करते. डेस्कटॉप आहे, यूपीएस नाही. रात्री सगळ्या फायली उघड्या ठेवून स्लीपला टाकते म्हणजे सकाळी तिथूनच पुढे सुरू करता येतं. पण पहाटे लाईट गेली की सकाळी कॉम्प्युटर पहिल्यापासून चालू होतो आणि अर्धवट टाईप केलेलं गायब. भाऊ म्हणतो स्लीप आणि हायबरनेट एकच. खरंच का? (बार्शीहून एक वाचक)

उत्तर : नाही ताई, एकच नाही, आणि तुमचं नुकसान नेमकं त्या फरकामुळेच होतंय. स्लीपमध्ये तुमच्या उघड्या फायली, एक्सेल, ब्राउझर सगळं रॅममध्येच राहतं आणि रॅमला थोडा करंट मिळत राहतो, बाकी प्रोसेसर, हार्ड डिस्क, पंखे बंद. रॅम म्हणजे पाटी आहे, करंट गेला की पुसली. हायबरनेटमध्ये हीच पाटी आधी वहीत उतरवली जाते, म्हणजे रॅममधलं सगळं सी ड्राइव्हवरच्या एका मोठ्या फाईलमध्ये लिहून कॉम्प्युटर पूर्ण बंद होतो, मग लाईट गेली काय, आठवडाभर नसली काय, सकाळी बटण दाबलं की फायली होत्या तशा समोर.

आता गंमत अशी की डेस्कटॉपसाठी विंडोजने या दोन्हीच्या मधला एक उपाय आधीच दिलेला असतो, हायब्रिड स्लीप. त्यात स्लीपला टाकलं तरी रॅमची एक प्रत गुपचूप डिस्कवरही लिहून ठेवतात, लाईट नाही गेली तर पटकन उठतो आणि गेली तर डिस्कवरून उठतो. हे बहुतेक डेस्कटॉपवर मुळात चालूच असतं. मग तुमच्याकडे का नाही? माझा दाट अंदाज असा की कॉम्प्युटरवाल्याने फॉरमॅट मारून देताना सी ड्राइव्हवर जागा व्हावी म्हणून हायबरनेट बंद करून दिलंय, आणि ते बंद झालं की हायब्रिड स्लीपही आपोआप जातं. हे फार ठिकाणी करतात आणि गिऱ्हाइकाला सांगत नाहीत, याचा मला खरंच राग येतो, कारण दोन-चार जीबी वाचतात आणि माणसाचं रात्रभराचं काम जातं.

तपासायला स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधा, राइट क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर करा, आणि इंग्रजीत पॉवरसीएफजी, मग स्पेस, मग स्लॅश आणि ए एवढं टाईप करून एंटर. पॉवरसीएफजी म्हणजे पॉवर आणि त्याला चिकटून सी, एफ, जी ही अक्षरं. तुमच्या मशीनवर काय काय चालतं आणि काय नाही याची यादी येईल, हायबरनेट जर ‘नाही’च्या यादीत आणि कारण ‘एनेबल केलेलं नाही’ असं असेल तर पॉवरसीएफजी स्लॅश हायबरनेट ऑन हे द्यायचं, ऑनच्या आधी स्पेस. झालं. मग कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, डावीकडे ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, तिथे वरची ‘चेंज सेटिंग्ज’वाली निळी ओळ दाबली की खाली हायबरनेटची चौकट टिक करता येते, म्हणजे स्टार्टच्या पॉवर मेनूत तो पर्याय दिसायला लागतो.

तुमच्यासाठी माझं स्पष्ट मत, रात्री हायबरनेटच करा. दुपारी जेवायला उठलात तर हायब्रिड स्लीप चालेल. हायबरनेट केल्यावर पंखा थांबेपर्यंत थांबा आणि मग भिंतीवरचं बटण खुशाल बंद करा, स्लीपला टाकून मात्र ते बटण कधी बंद करू नका, तुम्हीच लाईट घालवल्यासारखं होतं. घरातल्यांनाही सांगून ठेवा, रात्री झोपताना सगळी बटणं बंद करत फिरणारं कोणीतरी प्रत्येक घरात असतंच. आणि एवढं सगळं करूनही उठताना कंट्रोल एस दाबायची सवय सोडू नका, पेन ड्राइव्हवरची फाईल उघडी असेल तर ती आधी बंद करा, कारण झोपेत ड्राइव्ह काढला गेला तर फाईल बिघडू शकते.

प्रश्न : इंजिनिअरिंगला आहे, नवा लॅपटॉप घेऊन सहा महिने झाले. झाकण लावून बॅगेत टाकतो आणि हॉस्टेलवरून घरी येईपर्यंत तापलेला असतो, बॅटरीही बरीच उतरलेली. दुकानदार म्हणतो बॅटरी बदला. (पुणे)

उत्तर : बॅटरीवर लगेच पैसे घालू नकोस, आधी हे बघ. जुन्या लॅपटॉपमध्ये स्लीप म्हणजे वर सांगितलं तसं, सगळं बंद आणि फक्त रॅम जागी, त्याला एस३ म्हणतात. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, मोबाईलसारखा लॅपटॉपही झोपेत अर्धा जागा राहावा, स्क्रीन बंद असताना मेल यावं, उचलला की लगेच चालू व्हावा अशी पद्धत सुरू झाली आणि आताच्या बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये तीच एक असते, तिचं नाव मॉडर्न स्टँडबाय. कल्पना चांगली आहे, पण एखादा ड्रायव्हर (वायफाय, ब्लूटूथसारखे भाग चालवणारा छोटा प्रोग्राम) किंवा दुसरा प्रोग्राम नीट वागला नाही की प्रोसेसर बॅगेतही काम करत बसतो, बॅगेत हवा खेळत नाही, मग तापणारच. वर दिलेली पॉवरसीएफजी स्लॅश ए ची यादी काढ, त्यात जे चालतं त्या यादीत ‘एस० लो पॉवर आयडल’ असं दिसलं तर तुझा लॅपटॉप याच जातीचा.

उपाय सोपा आहे. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डझ’ म्हणून ओळ आहे, तिथे बॅटरीवर असताना आणि चार्जिंगला असताना असे दोन रकाने येतात, दोन्हींत झाकणासमोर हायबरनेट निवड. दोन्हींत का, तर तू चार्जरला लावलेला असतानाच झाकण लावलंस आणि मग वायर काढलीस तर चार्जिंगवालाच नियम लागू झालेला असतो, आणि लॅपटॉप तसाच स्लीपमध्ये बॅगेत जातो. एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी येणारी, फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) असली की हायबरनेटमधून उठायला दहा-वीस सेकंद जास्त जातात, तेवढे जाऊ देत.

यूट्यूबवर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात, बदल करून जुनं एस३ परत आणायचे व्हिडिओ आहेत, ते करू नकोस, लॅपटॉपच्या बायोसमध्येच (विंडोजच्या आधी मशीन चालू करणारा मूळ प्रोग्राम) एस३ ची सोय नसेल तर स्लीपला टाकल्यावर उठतच नाही अशी पाळी येते. आणि बॅटरी खरंच गेलीय का ते बघायचं तर पॉवरसीएफजी स्लॅश बॅटरीरिपोर्ट दे, एक रिपोर्टची फाईल तयार होते ती ब्राउझरमध्ये उघड, त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आत्ताची फुल चार्ज क्षमता एकाखाली एक दिलेली असते. सहा महिन्यांत दोन्ही आकडे जवळजवळ असतील तर दुकानदाराला तोच कागद दाखव.

प्रश्न : डेस्कटॉप हॉलमध्ये आहे, तिथेच आई झोपते. रात्री दोनच्या सुमारास स्लीपमधला कॉम्प्युटर आपोआप चालू होतो, स्क्रीनचा उजेड पडतो, आईची झोपमोड होते. व्हायरस असेल का? (नाशिक)

उत्तर : व्हायरस नाही हो, आणि वेळ वाचूनच निम्मं उत्तर मिळालं. विंडोजची एक ऑटोमॅटिक मेन्टेनन्स नावाची साफसफाई असते, विंडोज १० मध्ये तिची ठरलेली वेळ रात्री दोनचीच असते आणि त्यासाठी कॉम्प्युटरला उठवायची परवानगीही तिला असू शकते. कंट्रोल पॅनेलमध्ये सिक्युरिटी अँड मेन्टेनन्समध्ये जाऊन मेन्टेनन्सखाली ही वेळ दिसेल, ती दुपारची करा आणि खालची ‘वेक अप’वाली टिक काढा.

पण अंदाजावर सोडू नका, सकाळी उठल्या उठल्या, कॉम्प्युटरला दुसऱ्यांदा झोपवायच्या आत, कमांड प्रॉम्प्टवर पॉवरसीएफजी स्लॅश लास्टवेक द्या, शेवटचं कोणी उठवलं ते नाव येतं. टायमर आला तर पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये स्लीप उघडून ‘अलाऊ वेक टाइमर्स’ डिसेबल करा. नेटवर्क कार्डचं नाव आलं तर राउटरकडून येणारं काहीबाही त्याला उठवतंय, मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट, आणि कॉम्प्युटर उठवायची परवानगी काढून टाका. माऊसचं नाव आलं तरी तेच, टेबलाला धक्का लागला किंवा मांजराने उडी मारली तरी माऊस हलतो आणि मशीन उठतं, म्हणून माऊसची परवानगी काढा पण कीबोर्डची ठेवा, म्हणजे सकाळी एक बटण दाबून उठवता येईल.

आणि आईच्या झोपेचा प्रश्न आहे तर हे सगळं शोधून होईपर्यंत आज रात्रीपासून मॉनिटर त्याच्या बटणाने बंद करा.

प्रश्न : सी ड्राइव्ह लाल झालाय. त्यात हायबरफिल नावाची फाईल साडेसहा जीबीची दिसते, उडवू का? आणि रोज हायबरनेट केलं तर एसएसडी लवकर खराब होते म्हणतात. (कोल्हापूर)

उत्तर : हीच ती वही. हाताने डिलीट होत नाही आणि करायचीही नाही. साधारणपणे ती रॅमच्या ४० टक्के असते, तुमची रॅम १६ जीबी असणार. हायबरनेट कधीच वापरत नसाल तर पॉवरसीएफजी स्लॅश हायबरनेट ऑफ दिलं की फाईल आपोआप जाते, पण बार्शीच्या ताईंचं काय झालं ते वाचून मगच ठरवा. जागा हवी असेल तर आधी डाउनलोड्स आणि रिसायकल बिन बघा, तिथे याच्या दुप्पट निघेल.

एसएसडीची भीती सोडा. समजा दर रात्री ४ जीबी लिहिलं गेलं, वर्षाचे झाले दीड टेराबाईट. ५०० जीबीच्या चांगल्या एसएसडीला कंपन्या दीडशे टेराबाईट किंवा त्याहून जास्त लिखाणाची हमी देतात. करा भागाकार, शंभर वर्षं. उलट रात्रभर चालू ठेवलेला डेस्कटॉप ६० वॉट धरला तर दहा तासांत ०.६ युनिट, महिन्याला १८ युनिट, ते बिलात दिसतात.

प्रश्न : रोज शटडाउन करतो तरी टास्क मॅनेजरमध्ये अप टाइम, म्हणजे विंडोज सलग किती वेळ चालू आहे तो आकडा, ९ दिवस दिसतो. शिवाय त्याच मशीनवर दुसरी सिस्टीम म्हणून टाकलेल्या उबुंटूमधून (लिनक्सचा एक प्रकार) विंडोजचा ड्राइव्ह फक्त वाचता येतो, काही सेव्ह होत नाही. (फोंडा, गोवा)

उत्तर : दोन्हीचं कारण एकच, फास्ट स्टार्टअप. ते चालू असलं की शटडाउनमध्ये तुमचे प्रोग्राम बंद होतात पण विंडोजचा गाभा हायबरनेट होतो, म्हणून चालू पटकन होतो आणि अप टाइमचं घड्याळ पुढे चालत राहतं. उबुंटूला तो ड्राइव्ह अजून विंडोजच्या ताब्यात दिसतो, त्यामुळे तो लिहू देत नाही, आणि ते बरोबरच आहे, जबरदस्तीने लिहायला लावू नका, डेटा जाईल. तुमच्यासारखं दोन्ही वापरणाऱ्याने फास्ट स्टार्टअप बंदच ठेवावं, पॉवर बटणांच्या त्याच पानावर हायबरनेटच्या जवळच त्याची टिक आहे. विंडोज हायबरनेट करून उबुंटूत जाणंही टाळा. बाकीच्यांनी चालू ठेवलं तरी हरकत नाही, फक्त मशीन अडखळायला लागलं की शटडाउन करून परत चालू करण्याऐवजी रीस्टार्ट दाबा, त्यात सगळं खरंच नव्याने सुरू होतं.