रात्रीचं जेवण साडेसातला

प्रश्न : मुलगी पाचवीत आहे, तिची सकाळची शाळा. व्हॅनवाले काका पावणेसातला गेटपाशी येतात. मुलगा दुसरीत, त्याची शाळा नऊची. छोटी सुट्टी आणि मोठी सुट्टी धरून दोघांचे चार डबे. मिस्टर हिंजवडीहून घरी येईपर्यंत रात्रीचे नऊ होतात आणि सगळ्यांनी एकत्र जेवायचं हा आमच्या घरचा नियम आहे. सासूबाईंना मधुमेह आहे. मी दोन दुकानांचे हिशेब घरून लिहिते. उद्या डब्यात काय द्यायचं हे रात्री अकरापर्यंत ठरत नाही. रविवारी आणलेली पालेभाजी बुधवारी टाकून द्यावी लागते, आणि गुरुवारी पाणी नसलं की बाहेरून मागवतो. शाळा सुरू होऊन महिना झाला तरी घडी बसत नाही. आठवड्याचा मेन्यू करून द्याल का?
— एक वाचक, धायरी

उत्तर : मेन्यू देते, पण आधी तुमच्या पत्रातल्या ‘नऊ’ या वेळेबद्दल बोलू. पावणेसातच्या व्हॅनसाठी तुमची मुलगी पावणेसहाला तरी उठत असेल. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप लागते. कमीत कमी धरली तरी पावणेनऊला ती झोपलेली हवी, आणि त्या वेळी तुमच्याकडे पानंही घेतलेली नसतात. नऊनंतर जेवणं, मग ओटा, मग भांडी, आणि अकरा वाजता तुम्ही फ्रीजपुढे उभ्या! उद्याचा डबा उशिरा ठरतो कारण आजचं जेवण उशिरा होतं. सकाळच्या धावपळीचं मूळ तिथे आहे.

तुमच्या धाकट्याची शाळा नऊची आहे. चौथीपर्यंतचे वर्ग नऊ वाजता किंवा त्यानंतर भरवावेत असं शासनाने २०२४ मध्ये ठरवलं, ते मुलांची झोप पुरी होत नाही म्हणूनच. पाचवीला ही सवलत संपते. पण चौथीतून पाचवीत गेलेलं मूल एका मे महिन्यात मोठं होत नाही. धाकट्याला सरकारने दिलेली झोप थोरलीला घराने द्यायला हवी, याबाबतीत मी अजिबात तडजोड सुचवणार नाही.

म्हणून मुलांचं आणि सासूबाईंचं जेवण साडेसातला. सासूबाई मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असतील, तर जेवण लांबलं की त्यांची साखर एकदम उतरू शकते. त्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारून पक्क्या करा. एकत्र जेवायचा नियम मला मनापासून आवडतो. तो मोडू नका, सुट्टीच्या दिवसांवर आणा आणि त्या दिवशी कुणालाही सूट देऊ नका. मिस्टर आले की तुम्ही दोघं जेवा, किंवा तुम्ही मुलांबरोबर जेवून त्यांच्या पानाशी बसा. त्यांना मुलं रात्री भेटणार नाहीत, हे खरं. मग सकाळ त्यांची. मुलीला उठवणं, तिचं दूध, दप्तर आणि व्हॅनपर्यंत सोडणं हे त्यांच्याकडे द्या. ‘मदत’ म्हणून नव्हे, त्यांचं काम म्हणून. तेवढ्यात पोळ्या तुमच्या शांतपणे होतील.

आता मेन्यू. आवडीनिवडी बघून केलेला तक्ता आठवडाभरही टिकत नाही. भाजी किती दिवस टिकते आणि नळाला पाणी कधी असतं, या दोन गोष्टींवर तो बसवा. रविवारी आठवड्याची सगळी भाजी आणणं बंद करा, पावसाळ्यात तर नक्कीच. मेथी-पालक आत्ता ओले आणि चिखलाचेच मिळतात, ते दोन दिवसांच्या पुढे जात नाहीत. रविवारी आणलेली पालेभाजी रविवारी रात्री आणि मंगळवारी सकाळी संपवायची. मंगळवारच्या डब्यात मेथीचे पराठे द्या, बहुतेक मुलं मेथी त्याच रूपात खातात. बुधवारी भेंडी किंवा गवार. कोबी, दुधी, लाल भोपळा आठवड्याच्या शेवटासाठी राखा. दुसरी खरेदी बुधवारी संध्याकाळी, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींकडून, तीही शुक्रवार-शनिवारपुरतीच.

सोमवारी मोड आलेली मटकी. शनिवारी रात्री भिजत घाला, रविवारी सकाळी उपसून फडक्यात बांधा, सोमवारी पहाटे मोड तयार. आत्ता हवा गार आहे, तेव्हा पुरचुंडी झाकणाच्या डब्यात घालून गॅसजवळच्या कोपऱ्यात ठेवा. मुलीच्या डब्यात कोरडी उसळ आणि पोळी, बाकीच्यांना दुपारी रस्सा. सासूबाईंसाठी वेगळा स्वयंपाक करू नका. हीच उसळ त्यांच्या पानात जास्त आणि भात कमी, एवढा फरक पुरतो. श्रावणात सोमवारचे उपवास असतील तर मटकी एक दिवस पुढे सरकवा आणि मेथी रविवारीच संपवा.

गुरुवारचं पाणी बंद हे पुण्यात राहणाऱ्याला नवीन नाही. दुरुस्तीसाठी महापालिका बहुतेक वेळा गुरुवारच निवडते, आणि शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा आणि कमी दाबाने येईल हेही त्याच बातमीत असतं. बातमी आली नसली तरी गुरुवार कमी भांड्यांचाच धरा. सकाळी थालीपिठं करा. भाजणी घरात असली की कांदा चिरण्यापलीकडे तयारी लागत नाही, आणि लोण्याबरोबर किंवा दह्याबरोबर ती मुलांच्या पोटात टिकतात. रात्री मुगाची खिचडी, पापड, ताक. एक कुकर आणि ताटं, एवढंच घासायला पडतं. पाण्याच्या बाटल्या आणि पिंप बुधवारी रात्री भरून ठेवायचं काम मुलीला द्या, पाचवीच्या मुलीला ते जमतं.

साडेसातला जेवण झालं की साडेआठला ओटा मोकळा होतो. मग अर्धा तास उद्याचा. कणीक मळून, वरून तेलाचा हात लावून, झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये. सकाळी उठल्या उठल्या बाहेर काढायची. गवार, फरसबी, कोबी रात्री चिरून ठेवल्या तर चालतात. बटाटा, वांगं सकाळीच चिरा, नाहीतर काळं पडतं. भेंडी रात्री धुऊन फडक्यावर पसरा आणि सकाळी चिरा, म्हणजे चिकट होत नाही. भात उरला तर पसरट भांड्यात काढून निववा आणि तासाभरात फ्रीजमध्ये ठेवा. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताचा फोडणीचा भात मुलांना देऊ नका. पोळी निवल्याशिवाय डब्याचं झाकण लावू नका, वाफेने ती ओली होते आणि ओली पोळी मुलं परत आणतात.

सासूबाईंना बसून करायची कामं विचारा. शेंगा सोलणं, पालेभाजी निवडणं, लसूण सोलणं. बऱ्याच घरांत ‘त्यांना कशाला त्रास’ म्हणून हे कुणी विचारत नाही आणि त्या मात्र विचारण्याची वाट बघत असतात.

शनिवारी भाजी संपली असेल तर पिठलं-भात करा. ते कमीपणाचं जेवण नाही.

प्रश्न : माझी नात पहिलीत आहे. मुलगी आणि जावई दोघं नोकरीला, त्यामुळे डबा मी भरतो. रोज अर्धा परत येतो. ओरडून पाहिलं, बक्षीस देऊन पाहिलं. काय करावं?
— एक आजोबा, नाना पेठ

उत्तर : आजोबा, तिला रागावण्याआधी एक गोष्ट बघा. रविवारी घरी तोच डबा तसाच बंद करून तिच्यापुढे ठेवा, हात धुण्यापासून घड्याळ लावा आणि सुट्टी जेवढी असते तेवढाच वेळ द्या. झाकण तिला एकटीला उघडतं का, पोळीचा तुकडा तिला तोडता येतो का, तेही बघा. पहिलीतल्या मुलांचा अर्धा वेळ यातच जातो. पोळीची गुंडाळी करून तिचे दोन-दोन घासांचे तुकडे करा, भाजी आतच घाला. आत्ता भरता त्याच्या निम्मंच भरा आणि ती घरी आल्यावर बाकीचं गरम वाढा. डबा रिकामा आला तर दुसऱ्या आठवड्यात एक तुकडा वाढवा. आणि घरी आल्याबरोबर ‘संपवलास का?’ हा पहिला प्रश्न नको, दप्तर खाली ठेवू द्या, पाणी पिऊ द्या. डबा तुम्हीच उघडून बघा.