कॅटनिपची काळजी नंतर करा, आधी उंदराची शेपटी शोधा

तुमच्या लॅब्राडॉरने मांजरीचा कॅटनिप भरलेला कापडी उंदीर फाडला, आतली वाळकी पाने बरीचशी खाल्ली, एकदा उलटी केली आणि आता तो कोपऱ्यात सुस्त पडून आहे. तेव्हा कॅटनिप कुत्र्यांना विषारी असते का, असे तुम्ही विचारले आहे. हे वाचताना मला आमच्याकडची तीन वर्षांपूर्वीची दुपार आठवली, कारण तेव्हा मीही नेमका हाच प्रश्न विचारला होता आणि तो चुकीचा प्रश्न होता. मी पशुवैद्य नाही. पुढे लिहिले आहे ते एका कुत्रा-मांजर पाळणाऱ्या बाईच्या अनुभवातून आलेले आहे, त्यामुळे ते वाचण्यात वेळ घालवून दवाखान्यात जाणे लांबवू नये, ही विनंती.

आधी तुमच्या प्रश्नाचे उत्तर देते. कॅटनिप ही पुदिना आणि तुळस यांच्याच कुळातली वनस्पती आहे. तिच्यातील नेपेटालॅक्टोन नावाचे द्रव्य हुंगल्यावर बरीच मांजरे दहा-पंधरा मिनिटे लोळतात, गाल घासतात आणि मग जणू काही झालेच नाही अशी उठून जातात. सगळीच मांजरे तशी वागत नाहीत, कारण हा गुण आनुवंशिक आहे. आपल्याकडची मांजरे खोकलीच्या मुळांवर अशीच लोळताना काहींनी पाहिली असतील. कुत्र्याला मात्र ही धुंदी चढत नाही. थोडी वाळकी पाने पोटात गेली तर एखादी उलटी, पातळ शौच किंवा किंचित सुस्ती येऊ शकते, आणि निरोगी मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत ते सहसा तेवढ्यावर निभावते. कॅटनिपचे अर्क-तेल ही वेगळी गोष्ट आहे. ते तीव्र असते आणि कुत्र्याच्या अंगाला किंवा तोंडाला लावण्याची वस्तू नव्हे. याच कुळातल्या पेनीरॉयलचे तेल पिसवांसाठी अंगाला लावल्याने एक कुत्रा दगावल्याची नोंद १९९२ साली अमेरिकेतील पशुवैद्यकीय नियतकालिकात आलेली आहे, त्यामुळे ‘वनस्पतीचेच तर आहे’ हा युक्तिवाद मी आता कोणाकडूनही ऐकून घेत नाही.

आता आमच्याकडे काय झाले ते सांगते. आमच्या खंड्याने मनीच्या उंदराची अशीच वाताहत केली होती. फरशीभर पाने, कापसाचे पुंजके आणि फाटलेले कापड पडले होते. मी ते सगळे सुपलीत भरून, जागेवरच कचऱ्याच्या पिशवीत टाकले आणि सकाळी ती पिशवी घंटागाडीत गेली. माझी सर्वांत महागात पडलेली चूक हीच. उंदराला दोन फेल्टचे कान आणि वीतभर नाडीची शेपटी होती, आणि त्यांपैकी काय उरले व काय गिळले गेले हे तपासण्याचा एकमेव पुरावा मी स्वतःच्या हाताने बाहेर काढून दिला होता. रात्री खंड्याने दोनदा उलटी केली तेव्हा मी एका दवाखान्याला फोन केला. पलीकडून फक्त ‘काय खाल्ले?’ असे विचारले गेले, मी ‘कॅटनिप’ म्हणाले, आणि ‘औषधी वनस्पती आहे, पोट साफ होऊन जाईल, सोमवारी दाखवा’ असे उत्तर मिळाले. खेळण्याविषयी एक शब्द विचारला गेला नाही, आणि मीही सांगितला नाही. तो शुक्रवार होता. फोन उचलणाऱ्या व्यक्तीला समोरचा कुत्रा दिसत नसतो हे मला समजते, पण निदान ‘पाने कशात भरलेली होती?’ एवढा प्रश्न तरी विचारण्याची शिस्त असायला नको का?

रविवारी दुपारी खंड्या पाणीसुद्धा उलटून टाकू लागला, पाठ कमानीसारखी वाकवून उभा राहू लागला आणि पोटाला हात लावू देईना. दुसऱ्या दवाखान्यात क्ष-किरण काढल्यावर कापड दिसले नाही, केवळ वायूने फुगलेले आतडे दिसले. सोनोग्राफीत मात्र गोष्ट स्पष्ट झाली. एक कान जठर जिथे आतड्यात उघडते त्या तोंडाशी अडकला होता आणि त्याला चिकटलेल्या चिंध्यांबरोबर शेपटीची नाडी खाली आतड्यात गेली होती, त्यामुळे परकराची नाडी ओढल्यावर चुण्या पडाव्यात तसे आतडे गोळा झाले होते. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी शांतपणे सांगितले की ताणलेल्या नाडीने आतडे चिरले गेले असते, तर प्रश्न पूर्णपणे वेगळा झाला असता.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे, आणि कोणाला ते भित्रेपणाचे वाटले तर माझी हरकत नाही: अशा वेळी पाने किती खाल्ली हा हिशेब बाजूला ठेवून उरलेले तुकडे वर्तमानपत्रावर मांडावेत, खेळणे पूर्ण जुळते का ते पाहावे आणि ते सगळे पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्यावे. तसलेच दुसरे खेळणे घरात असेल तर तेही न्यावे. काही कमी भरत असेल, किंवा उलट्या थांबत नसतील, तर आजच जावे. मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा सल्ला येथे कोणी देईल. तो मानू नका, कारण जास्त मीठ कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. एरंडेलही नको. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरीचे टोक दिसले तर ते ओढू नका, कारण आतल्या आत आतडे कापले जाऊ शकते.

जाता जाता एक सांगते: कुत्र्याला वासाच्या खेळाची आवड लावायची असेल, तर परदेशात वास शोधण्याच्या स्पर्धांमध्ये ॲनिसचा (बडीशेपेसारख्या वासाच्या एका मसाल्याचा) वास वापरतात, मांजरीची खेळणी त्यासाठी नाहीत. आमच्या घरी ती आता झाकणाच्या डब्यात आणि कपाटाच्या वरच्या फळीवर असतात.

तुमच्या उंदराला शेपटी होती का, आणि ती सापडली का, एवढे आधी लिहा.