नैरोबी राजधानी कशी झाली आणि सगळे भारतीय पार्कलँड्समध्येच का (लांबलंय, सांभाळून घ्या)

तुम्ही विचारलंय की बंदर नाही, नदी म्हणावी तर ओढा, जुनं किल्ला-देऊळ काही नाही, मग नैरोबी केनियाची राजधानी झालीच कशी? आणि तुम्ही तिकडे राहायला जाताय तर ऑफिसवाले घर पार्कलँड्स या भागातच बघा म्हणून मागे का लागलेत? मी नऊ वर्षं काढलीत तिथे, म्हणून सांगतो, दोन्हीचं उत्तर एकच, रेल्वे आणि माती.

1899 च्या आधी तिथे शहर नव्हतंच. मसाई लोकांची गुरं पाण्यावर यायची, त्यांच्या भाषेत एन्कारे नैरोबी म्हणजे थंड पाणी, नाव तिथलं. इंग्रजांनी 1896 मध्ये मोम्बासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे रेल्वे टाकायला घेतली. सव्वापाचशे किलोमीटरवर सपाटी संपते, पुढे चढ लागतो आणि मग थेट रिफ्ट व्हॅली नावाच्या खोल दरीची उतरण. म्हणजे आपल्या घाटाखालच्या कर्जतसारखं समजा, घाट लागायच्या आधी सामान उतरवायला, इंजिनं दुरुस्त करायला मोकळी जागा. मे 1899 मध्ये रूळ पोचले, वर्कशॉप पडलं, रेल्वेचं हेडऑफिस मोम्बासाहून इकडे आलं आणि 1905 ला राजधानीही. शहर वसवायचं असं कोणी बसून ठरवलंच नाही, यार्डाभोवती ते वाढत गेलं.

रेल्वेसाठी हिंदुस्थानातून 30 हजारांहून जास्त मजूर नेले, बहुतेक पंजाबकडचे, त्यातले अडीचेक हजार तिकडेच मेले. बरेचसे परत आले पण काही राहिले, मागोमाग गुजराती व्यापारी आणि गोव्याचे कारकून आले. चलन 1920 पर्यंत रुपयाच होता बरं का! आजही स्वाहिलीत दुकानाला दुका, गाडीला गारी आणि चपातीला चपातीच म्हणतात.

या लोकांच्या टपऱ्यांचा झाला इंडियन बाजार, दाटीवाटीचा, गटार नावाला नाही. 1902 मध्ये डॉ. रिबेरो नावाच्या गोवेकर डॉक्टरांना (हे पेशंट बघायला झेब्र्यावर बसून जायचे, थट्टा नाही, फोटो आहे) प्लेगचे रोगी सापडले, त्यांनी कळवलं, आणि साहेबाने अख्खा बाजार जाळून टाकला. गावच इथून हलवा असंही पुढे डॉक्टर लोक सुचवत राहिले कारण जागा दलदलीची, पण तोवर रेल्वेचा पैसा ओतून झाला होता.

आता माती. शहराच्या पश्चिमेला उंचावर लाल माती, पाणी लगेच निचरतं, झाडी. पूर्वेला सपाट आणि आपल्या विदर्भात असते तशी काळी कापसाची माती, पाऊस पडला की चिखल आणि उन्हात भेगा. गोऱ्यांनी लाल माती घेतली, भारतीयांना मधला पट्टा म्हणजे नगारा, पार्कलँड्स वगैरे, आणि आफ्रिकन माणसाला पूर्वेचा चिखल. 1922 मध्ये पुमवानी ही त्यांच्यासाठी आखलेली वस्ती. शहरात यायचं तर गळ्यात किपांदे, म्हणजे पत्र्याच्या डबीतलं ओळखपत्र. कागदोपत्री 1923 ला वस्तीचा वर्णभेद काढला म्हणे, पण घरांच्या करारात अटी घालून चालूच राहिला.

त्याच 1922 च्या मार्चमध्ये हॅरी थुकू या नेत्याला पकडलं म्हणून लोक पोलीस ठाण्यापुढे जमले, मेरी न्यांजिरू नावाची बाई पुढे झाली, गोळीबारात सरकारी आकड्यानेच 21 मेले. आणि एप्रिल 1954 ला माऊ माऊ म्हणजे इंग्रजांविरुद्धच्या सशस्त्र बंडाच्या काळात ऑपरेशन अॅन्व्हिल, शहराला वेढा घालून हजारो किकुयू जमातीच्या लोकांना उचलून छावण्यांत टाकलं. त्यात पियो गामा पिंटो हा मूळ गोव्याच्या घराण्यातला नेताही पकडला गेला. जन्म नैरोबीचा, शिकायला धारवाडला, गोवा मुक्तीच्या चळवळीत राहून परत गेलेला. सुटून आला, खासदार झाला आणि फेब्रुवारी 1965 मध्ये स्वतंत्र केनियात, नैरोबीत घरासमोर गोळ्या घालून मारला. आपल्याकडे हे नाव फारसं कोणाला माहीत नसतं याचं मला अजून वाईट वाटतं.

12 डिसेंबर 1963 ला स्वातंत्र्य मिळालं, रस्त्यांची नावं बदलली, डेलमेअर अॅव्हेन्यूचा केन्याटा अॅव्हेन्यू, बाजार स्ट्रीटचा बियाशारा स्ट्रीट (बियाशारा म्हणजे व्यापार, तेवढं बरोबर जमलं). 1967-68 मध्ये नागरिकत्व न घेतलेल्यांच्या दुकान-परवान्यांवर बंधनं आली तेव्हा बरेच भारतीय लंडनला गेले, उरलेले तिथेच टिकले, आणि 2017 ला सरकारने त्यांना देशातली 44 वी जमात म्हणून मान्यता दिली.

2019 च्या जनगणनेत नैरोबीत 44 लाखांच्या आसपास लोक होते पण नकाशा फार बदललेला नाही, कातडीच्या जागी पगार आला एवढंच. पश्चिमेला बंगले, पूर्वेला दाट चाळीसारख्या इमारती. किबेरा ही झोपडपट्टी तेवढी पश्चिमेकडे आहे, कारण ती जागा इंग्रजांच्या सैन्यातल्या सुदानी शिपायांना राहायला दिलेली. पार्कलँड्समध्ये मंदिर, किराणा, शाळा सगळं जवळ, म्हणून ऑफिसवाले तिकडे पाठवतात, त्यात गैर काही नाही.

फक्त तुम्ही एप्रिलमध्ये जाताय म्हणजे ऐन मोठ्या पावसात. घर बघायला गेलात की एजंटचं ऐकायच्या आधी गेटबाहेरची माती बघा, काळी असेल तर गाडी कुठे लावायची ते आधी विचारा.