नाताळच्या गोष्टीतल्या त्या परदेशी पाहुण्यांना ‘ज्ञानी’ का म्हणतात?

तुमचा प्रश्न असा, की एवढे शिकले-सवरलेले लोक एका गरीब घरातल्या बाळ येशूपुढे लोटांगण घालतात, यात शहाणपण कुठे आलं? शिवाय, ख्रिस्ती नसताना नाताळच्या उपासनेला आलं तर चालेल का, असंही तुम्ही विचारलंय. मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरातली. ही गोष्ट लहानपणापासून दर डिसेंबरला ऐकत आलेय, आणि माझ्या विश्वासात तिची जागा फार मोठी आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ही गोष्ट मत्तयच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्राच्या एका पुस्तकात, दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या बारा ओव्यांत आहे. देखाव्यांत आपण तीन राजे पाहतो, पण मत्तय त्यांना राजे म्हणत नाही आणि ते तीन होते असंही सांगत नाही. भेटवस्तू तीन, म्हणून माणसं तीन, असं पुढे रूढ झालं. गास्पार, मेल्खियोर, बाल्थाझार ही नावंही नंतरच्या परंपरेतली. मत्तय एवढंच सांगतो की पूर्वेकडून मागी लोक आले; त्यांनाच आपण ‘ज्ञानी’ म्हणतो. ताऱ्यांचा अभ्यास करणारे हे लोक यहुदी नव्हते. एक तारा पाहून, यहुद्यांचा राजा जन्मला असं समजून ते निघाले आणि थेट यरुशलेमेत पोचले. राजा राजधानीतच शोधायचा, हे साहजिकच होतं.

आता पुढचा प्रसंग नीट वाचा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच दिसतं. हेरोद राजा घाबरतो. मुख्य याजक आणि शास्त्री यांना बोलावून विचारतो, ख्रिस्ताचा, म्हणजे देवाने वचन दिलेल्या राजाचा, जन्म कुठे व्हायचा आहे? ते क्षणाचाही विलंब न लावता सांगतात: यहुदियातल्या बेथलेहेमात. मीखा संदेष्ट्याचं वचनही म्हणून दाखवतात. उत्तर अगदी बरोबर. बेथलेहेम तिथून जेमतेम नऊ-दहा किलोमीटर, सकाळी निघालं तर दुपारच्या आत पोचावं इतकं जवळ. पण त्यांच्यातला एकही जण गेल्याचं मत्तय लिहीत नाही. ज्यांना गाव ठाऊक होतं ते जागचे हलले नाहीत, आणि लांबून आलेल्या परक्यांनी गावाचं नाव कळताच वाट धरली. दरवर्षी वाचताना मी इथे थांबते, कारण मलाही वचनं पाठ आहेत.

हेरोदाचं तर आणखी भयंकर. मागी लोकांना गुपचूप बोलावून, तारा कधी दिसला याची तो बारकाईनं चौकशी करतो आणि म्हणतो, बाळ सापडलं की मला कळवा, म्हणजे मीही येऊन त्याला नमन करीन. मनात होतं जीव घ्यायचं. पुढे बेथलेहेमातली दोन वर्षांची आणि त्याहून लहान मुलं त्याने मारवली. भक्तीची भाषा तोंडात असली म्हणून मनात भक्ती असतेच असं नाही, हे पवित्र शास्त्र येशूच्या जन्माच्या गोष्टीतच सांगून ठेवतं.

आणि मागी लोक? त्यांना बाळ सापडतं ते गव्हाणीत नाही, घरात. गव्हाणी लूकच्या शुभवर्तमानात आहे, मेंढपाळांच्या गोष्टीत. घरात ना सिंहासन, ना पहारा. एक तरुण आई आणि तिच्याजवळ मूल. आपला काही घोटाळा झाला असं वाटून ते परत फिरत नाहीत. पाया पडतात, थैल्या सोडतात, सोनं, ऊद आणि गंधरस अर्पण करतात. ऊद देवापुढे जाळायचा. गंधरस म्हणजे आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा हिराबोळ, चवीला कडू. त्या काळी तो प्रेताला लावत. येशूला पुरताना निकदेम नावाच्या माणसाने आणलेल्या सुगंधी द्रव्यांतही गंधरस होता. बाळाला दिलेल्या भेटवस्तूंत तो असावा, याने मी आजही हेलावते.

माझ्या लेखी त्यांचं ज्ञान ते हेच. जेवढं कळलं तेवढ्यावर पाऊल उचललं, पुढचं ठाऊक नव्हतं ते इतरांना विचारलं, आणि देव अपेक्षेपेक्षा लहान रूपात भेटला तरी त्याच्यापुढे वाकले. त्यांची विद्या फुकट गेली असं मला मुळीच वाटत नाही. ताऱ्यांच्या अभ्यासानेच त्यांना घराबाहेर काढलं.

आपल्या महाराष्ट्रात हे बघायचं तर मला पंडिता रमाबाई आठवतात. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. एवढ्या संस्कृत विदुषीने मग काय केलं? 1896-97 च्या दुष्काळात उपाशी, टाकून दिलेल्या मुलींना त्या पुणे जिल्ह्यातल्या केडगावला घेऊन आल्या. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना समजेल अशा मराठीत त्यांनी संपूर्ण बायबलचं भाषांतर केलं. 1922 साली त्या वारल्या, त्यापूर्वी हे काम त्यांनी हातावेगळं केलं होतं. सगळी विद्या त्यांनी प्रभूच्या पायाशी ठेवली, आणि ती वाट्याला आली त्या मुलींच्या. उपासना म्हणताना माझ्या मनात हे असतं. गीतं, मेणबत्त्या, चांदणी हे सगळं मला मनापासून आवडतं, पण त्या थैल्या सोडल्याशिवाय ते पुरं होत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. जरूर या. मत्तयच्या शुभवर्तमानात येशूला नमन करणारे पहिले लोकच परधर्मी होते, मग आम्ही कुणाला कसं अडवणार? 25 डिसेंबरला सकाळी आमच्याकडे उपासना असते. वेळ चर्चच्या फलकावर लिहिलेली असते, किंवा पाळकसाहेबांना विचारा. गीतं सुरू झाली की सगळे उभे राहतात, तुम्हीही राहा. पुस्तक नसेल तर शेजारचा माणूस आपलं पुढे करेल. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, असेल तर ते बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी असतं, तेव्हा जागेवर बसून राहिलात तरी कुणाला काही वाटत नाही. दानपेटीत काही टाकलंच पाहिजे असं अजिबात नाही. आणि उपासना संपल्यावर लगेच निघू नका, कुणीतरी फराळाला घरी बोलावेलच.