देव सर्वशक्तिमान आहे, तर प्रार्थना करूनही ख्रिस्ती माणसाचे दुःख का टळत नाही?

या प्रश्नाचे सर्वांत थेट उत्तर बायबलमधील, येशूचा संदेश पसरवणाऱ्या प्रेषित पौलाने करिंथकरांस (करिंथ शहरातील ख्रिस्ती लोकांस) लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या 12व्या अध्यायात सापडते. ज्या पीडेला तो शरीरातील काटा म्हणतो, ती दूर व्हावी म्हणून त्याने प्रभूला तीनदा विनवले. पीडा गेली नाही, मात्र कृपा पुरेशी आहे आणि देवाचे सामर्थ्य अशक्तपणातच पूर्णत्वास जाते, असे उत्तर त्याला मिळाले. (तो काटा म्हणजे आजार की छळ, हा अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही, माझ्या मते पौलाने ते मुद्दामच उघड केले नसावे.) येथे सामर्थ्य म्हणजे संकट नाहीसे करणारी जादू नव्हे, तर वधस्तंभावर मेलेल्या येशूला उठवणारी शक्ती आहे, आणि कृपा ही सत्कर्मांची मजुरी नसून न कमावता मिळालेले दान आहे. म्हणूनच विश्वासणाऱ्याची आशा परिस्थितीवर नव्हे, तर येशूच्या पुनरुत्थानावर उभी असते. येशूचा शिष्य पेत्र याच्या बायबलमधील पहिल्या पत्रात तिला ‘जिवंत आशा’ म्हटले आहे. आणि पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 8व्या अध्यायानुसार, जे डोळ्यांना दिसते त्याची आशा कोणी धरत नाही, जे दिसत नाही त्याचीच वाट धीराने पाहिली जाते.