मुंब्र्याचा धोंडा आधी, वानरलिंगी मग

पाऊस ओसरला, नवरात्र उरकलं, की या सदराकडे पत्रांचा ओघ वाढतो. या खेपेला पाच निवडली आहेत. जागेअभावी पत्रं आटोपशीर केली, उत्तरं मात्र मला आटोपता आली नाहीत.

ताई, मी २७ वर्षांचा, राहायला डोंबिवलीत. कळसूबाई, राजगड, हरिहर झालेत. आता वानरलिंगी करायचीय. एका ग्रुपची जाहिरात पाहिली: 'अनुभव नसला तरी चालेल, सगळं सामान आमचं.' जाऊ का?
– स., डोंबिवली

या सीझनला नको. (तुला 'तू' म्हणते, माझा भाचा तुझ्याच वयाचा आहे.)

जीवधन किल्ल्याला लागून उभा असलेला तो सुळका साडेतीनशे फुटांच्या वर जातो. अशा जाहिरातीत जे लिहिलेलं नसतं ते मी सांगते. दोघं-तिघं जाणते भिडू आधी चढतात, दोर लावतात, आणि मागच्या वीस जणांनी त्या दोरावर जुमार (दोराला धरून ठेवणारी, फक्त वर सरकणारी पकड) ढकलत वर सरकायचं असतं. कातळाला हात लागतो तो तोल सावरण्यापुरता. वर फोटो, झेंडा, घोषणा, मग रॅपलिंग करून, म्हणजे दोरावरून उतरत, खाली. मजा येते, नाही कशाला म्हणू? पण ते प्रस्तरारोहण नव्हे. दोर कशाला बांधलाय, मेख किती जुनी आहे, हे तुला कळणार नाही, आणि कळलं तरी तीनशे फुटांवर विचारून उपयोग काय! हरिहरच्या पायऱ्या खड्या आहेत, मान्य. पण पाय कुठे ठेवायचा हे तिथे कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी छिन्नीने ठरवून ठेवलंय. कातळावर ते तुझं तुलाच ठरवावं लागतं.

तेव्हा रविवारी सकाळी स्लो लोकल पकड. कोपर, दिवा, मुंब्रा. स्टेशनाबाहेर पडलास की समोर डोंगर आहेच. त्याच्या अंगावरच्या कातळांवर मुंबई-ठाण्याच्या पिढ्या शिकल्या, मीही त्यांतलीच. बेलापूर सोयीचं पडत असेल तर तिथल्या टेकडीवरही चांगले धोंडे आहेत. गिरिविहार संस्थेने २०१६ आणि २०१७ साली बोल्डरिंगचा विश्वचषक भरवला तो आपल्या नवी मुंबईतच, ऐन मे-जूनच्या घामट हवेत. जगातले नामांकित क्लाइंबर इथे येऊन गेले, आणि आपण दर शनिवारी रात्रीच्या बसने दीडशे किलोमीटर लांब पळतो.

बोल्डरिंगला दोर लागत नाही. उंची पुरुष-दीड पुरुष, खाली जाड गादी, मागे हात वर करून उभे दोन भिडू. त्यांनी झेलायचं नसतं. पडणाऱ्याचं डोकं आणि पाठ गादीवर यावी इतपत वळवायचं असतं, आणि ही कलाही शिकावी लागते. नवीन आलेला प्रत्येक जण हातांनी चढतो. दहा मिनिटांत त्याच्या कोपराखालचे स्नायू दगडासारखे होतात आणि बोटं उघडत नाहीत. चढायचं पायांनी. बुटाचा आतला पुढचा कोपरा बोटभर कंगोऱ्यावर ठेव, टाच किंचित खाली सोड, आणि वजन त्या पायावर जाईपर्यंत दुसरा उचलू नकोस. भीतीने टाच वर गेली की पाय शिलाई मशीनसारखा नाचायला लागतो. मग टाच पुन्हा खाली, एक श्वास, आणि पुढे.

दुसरं शिकायचं ते दगड ओळखणं. सह्याद्री म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेलेला लाव्हा. दोन टणक थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी तांबूस, भुसभुशीत पट्टा असतो. हातात निघून येणारे दगड आणि पायाखालचा घसारा बहुतेक तिथलाच. म्हणून पकड ओढण्याआधी तिच्यावर तळहाताने थाप मारायची. भरीव असेल तर टणक वाजते, सुटलेली असेल तर बद्द. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या चढाईत तर एकही पकड न वाजवता धरायची नाही, मग ती गेल्या वर्षी कितीही घट्ट असो.

एक हिवाळा असा घालव. पुढच्या वर्षी वानरलिंगीला जायचं ठरलं तर ग्रुपला फोन करून विचार: लीड कोण करणार (म्हणजे सगळ्यांत आधी दोर घेऊन कोण चढणार), बिले कोण देणार (म्हणजे चढणाऱ्याचा दोर कोण सांभाळणार), कातळात ठोकलेले बोल्ट शेवटचे कधी तपासले, आणि राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे नोंदणी केली आहे का. 'दादा, तुम्ही टेन्शन घेऊ नका' असं उत्तर आलं तर फोन ठेवून दे.

एक मित्र परदेशी चाललाय. दोर, हार्नेस, चार कॅराबिनर आणि एक हेल्मेट निम्म्या किमतीत देतोय. घ्यावं का?
– प्र., नाशिक

कॅराबिनर घ्या, तेही बघून. दोर आणि हार्नेस (कंबर-मांड्यांना बांधायचा पट्टा) फुकट दिले तरी नको.

कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची फटकवाली कडी, धातूचा असतो, त्याची तब्येत बरीचशी डोळ्यांना दिसते. फटक उघडून सोडा, ती आपोआप पूर्ण बंद झाली पाहिजे. दोर घासून आत चर पडलाय का, ते बोटाने पाहा. अंगावर कोरलेले आकडेही वाचा. लांबीच्या दिशेने २० किलोन्यूटनच्या वर, म्हणजे ढोबळमानाने दोन टनांवर असतो, आणि आडवा पडला तर जेमतेम सात-आठ. त्यामुळे तो आडवा फिरला नाही ना, यावर चढताना लक्ष हवं.

दोराचं तसं नाही. तो कुणाच्या गाडीच्या डिकीत बॅटरीशेजारी पडला होता का, हे तुम्हाला कोण सांगणार? बॅटरीतल्या आम्लाने नायलॉन आतून मरतं आणि वरून नवं दिसतं. शिवाय बहुतेक कंपन्या न वापरलेल्या दोरालाही दहाच वर्षांचं आयुष्य देतात. आणि हा दोर नेमका कुठला? लीड चढाईला ताणला जाणारा डायनॅमिक दोर लागतो, पडणाऱ्याचा झटका तो स्वतः पितो. रॅपलिंगचा स्टॅटिक दोर ताणत नाही, त्यावर पडलात तर सगळा झटका कंबरेला आणि मेखेला. दोराच्या टोकावरच्या पट्टीवर वर्तुळात १ लिहिलेला असेल तर तो जोडीला दुसरा न घेता एकटाच वापरायचा डायनॅमिक दोर. पट्टीच गळून गेली असेल तर विषय संपला. हार्नेसही शेवटी शिवलेल्या पट्ट्यांचाच, त्यालाही हेच लागू.

हेल्मेट बांधकामावरचं पिवळं असेल तर तेही नको. त्याच्या हनुवटीचा पट्टा ठरावीक ओढ बसली की सुटावा असाच बनवतात, कुठे अडकलं तर गळफास लागू नये म्हणून. आपल्याला पडताना डोक्यावर राहणारं हवं.

माझी अकरा वर्षांची मुलगी दाराच्या चौकटीवर चढून बसते. तिला क्लाइंबिंगला घालायचंय. सासूबाई म्हणतात, हातपाय मोडून घेईल, वर हात राकट होतील.
– एक आई, कोथरूड

हात राकट होतात, हे खरं आहे. माझे बघून आमच्या मंडईतला भाजीवाला मला एकदा म्हणाला, 'मावशी, शेती कुठं?' तेव्हा आज्जींशी या मुद्द्यावर वाद घालू नका.

हातपाय मोडण्याचं मात्र बोलू. पुण्यात कृत्रिम भिंती आहेत, सुरुवात तिथेच करा. वरून दोर लावलेला असतो, खाली प्रशिक्षक तो आवळत राहतो, मूल हात सुटून पडलं तरी जागच्या जागी लोंबकळतं. पहिल्या आठवड्यात मुलांना मुद्दाम पडायला लावतात, दोरावरचा विश्वास तसाच बसतो. प्रशिक्षक दर वेळी गाठ आणि बकल स्वतः तपासतो का, एवढं तुम्ही बाकावर बसून बघा. तो फोनवर बोलत बिले देत असेल तर दुसरीकडे घाला.

एक गोष्ट निक्षून सांगते. बोटांच्या ताकदीसाठी पट्टीला लटकायचे व्यायाम असतात, ते वाढत्या वयात नकोत. बोटांच्या हाडांची वाढ तेव्हा चालू असते आणि वाढीच्या जागेलाच इजा होऊ शकते. या वयात नुसतं खूप चढावं, वेगवेगळं चढावं, बस्स. बूटही घट्ट हवेत म्हणून दोन नंबर लहान घेऊ नका. अंगठा दुमडला की मुलं चढणं सोडतात.

आज्जींना एक दिवस भिंतीवर घेऊन जा, आणि त्याआधी फोनवर पॅरिस ऑलिंपिकमधली वेगाची शर्यत दाखवा. टोकियोपासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे. पॅरिसला २०२४ मध्ये पोलंडची अलेक्सांद्रा मिरोस्वाफ १५ मीटरची भिंत ६.०६ सेकंदांत चढली. आमच्या इमारतीची लिफ्ट तेवढ्या वेळात दारही मिटत नाही. आज्जी 'अगं बाई!' म्हणाल्या की फॉर्म भरून टाका.

आमचं गाव घाटमाथ्यावर. शनिवार-रविवार गाड्या येतात, कड्यावर दोर टाकतात, कचरा टाकून जातात. आम्ही चहा-भाकरी देतो. आम्हा पोरांना यात आणखी काही करता येईल का?
– एक वाचक, जुन्नर तालुका

दादा, पत्र तुमचं, पण वाचायला हवं ते शहरातल्यांनी.

तुम्हाला जे ठाऊक आहे ते त्यांच्या कुठल्याच ॲपमध्ये नाही. आग्या मोहोळ कुठल्या कपारीत बसतं, हे घ्या. या माश्या हंगामात परतून बहुधा त्याच त्या जागी पोळं धरतात. दोरावर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही, त्यामुळे कड्यावर मला पडण्यापेक्षा या माश्यांची धास्ती जास्त. खालच्या धुराने आणि अत्तराच्या वासाने त्या उठतात, आणि हे लोक नेमकं कड्याखाली शेकोटी करतात! तेव्हा चहाच्या आधी तुम्ही सांगायचं: इथून दोर टाकू नका, तिकडून टाका. हे सांगण्याचे पैसे घ्यायला लाजू नका. गाइड म्हणूनच घ्या.

पुढे जायचं असेल तर दोघांनी रीतसर शिका. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा प्राथमिक कोर्स २८ दिवसांचा असतो. भात कापणी बघून तारखा निवडा. आणि गावातल्या चौघांनी तरी बचावकार्याचं प्रशिक्षण घ्या. महाराष्ट्र माउंटेनीयर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरमार्फत ठिकठिकाणच्या टीम जोडलेल्या आहेत, लोणावळ्याच्या शिवदुर्गच्या पोरांचं काम एकदा जाऊन बघाच. अपघात झाला की पहिल्या तासात पोचणारा माणूस गावातलाच असतो. त्याच्याकडे स्ट्रेचर असावं आणि ते कसं बांधायचं हे त्याला ठाऊक असावं.

कचऱ्याचं म्हणाल तर गाडी लावायच्या जागेवर ग्रामपंचायतीने पावती सुरू करावी. परतताना कचऱ्याची पिशवी दाखवली की अनामत परत.

लग्नानंतर मिनियापोलिसला आले. दोन हिवाळे खिडकीतून बर्फ बघत काढले. इकडे सगळे क्रॉस-कंट्री स्कीइंग करतात. पस्तिसाव्या वर्षी जमेल का? मी डोंगर म्हणून पर्वतीच चढले आहे.
– मे., मिनियापोलिस

जमेल हो. माझा धाकटा भाऊ तिथेच आहे, आणि त्याच्याकडे एका हिवाळ्यात राहून मीही शिकले, तेही पन्नाशीनंतर.

टीव्हीवर उतारावरून भन्नाट सुटतात ते वेगळं. यात टाच मोकळी असते, बूट फक्त पुढून अडकतो, स्की अरुंद आणि हलकी. यंत्राने बर्फात दोन समांतर खाचा पाडलेल्या असतात, त्यात पाय ठेवून एकावर जोर द्यायचा आणि दुसऱ्यावर घसरत जायचं. स्की मधोमध कमानीसारखी उचललेली असते. पूर्ण वजन एका पायावर आलं की कमान दबते, खालचे खवले बर्फाला धरतात आणि ढकलायला जोर मिळतो. नवीन माणूस वजन दोन्ही पायांवर वाटून ठेवतो, म्हणून मागे सरकतो. मुंब्र्याला पोरांना मी हेच ओरडून सांगत असते, वजन एका पायावर! तिथे ते मलाच ऐकावं लागलं.

पडाल, भरपूर पडाल. उठताना आधी दोन्ही स्की उताराला आडव्या करा, मग गुडघ्यावर या, नाहीतर उठता उठता पुन्हा घसरायला लागाल. सुती कपडा अंगाला लागू देऊ नका, घामाने भिजला की तोच गारठवतो. आत लोकर किंवा पॉलिएस्टर, वर वारा अडवणारं जॅकेट. घरातून निघताना थोडी थंडी वाजतच असावी, कारण दहा मिनिटांत घाम फुटतो. सासूबाईंनी विणलेला जाड स्वेटर गाडीत ठेवा, परतताना लागेल.

तुमच्या शहरातच थिओडोर वर्थ पार्क आहे. सामान भाड्याने मिळतं, धडे मिळतात, संध्याकाळी वाटांवर दिवे असतात, आणि निसर्गाने दगा दिला तर यंत्राने बर्फ पाडतात. तिथला पास वेगळा आणि राज्याच्या उद्यानांतल्या वाटांसाठीचा ग्रेट मिनेसोटा स्की पास वेगळा. तो सोळा वर्षांवरच्यांना लागतो. दोन-तीन हिवाळ्यांनी हुरूप आला तर शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये फेब्रुवारीत बिर्कबाइनरची शर्यत असते, १९७३ पासूनची. मुख्य शर्यत पन्नास किलोमीटरच्या आसपास, पण छोट्या शर्यतीही आहेत. आधी बघायला जा.

आणि उन्हाळ्यात घरी बसू नका. तासाभरावर टेलर्स फॉल्सला इंटरस्टेट स्टेट पार्क आहे, सेंट क्रॉय नदीच्या काठी. तिथला कातळ आपलाच, बेसॉल्ट, फक्त वयाने फार मोठा, सुमारे ११० कोटी वर्षांचा. निघोजला कुकडीच्या पात्रात रांजणखळगे पाहिले असतील, तसे तिथेही आहेत, काही तर माणूस उभा बुडेल एवढे खोल. कडे चढायला लहान, धरायला घट्ट, आणि आपल्यासारखा घसारा नाही. चढाईचा परवाना लागतो, तो पार्कच्या कचेरीत मागून घ्या. पहिल्यांदा एकट्या जाऊ नका. माझ्या भावाला क्लाइंबिंगचं काही कळत नाही, पण गाडी आणि डबा घेऊन तो हमखास येईल. तुमचा पत्ता संपादकांकडून घेऊन त्याला कळवते.