वडिलांची अँजिओप्लास्टी झाली. आता फिजिओ, डाएटिशियन, फार्मासिस्ट असे रोज कोण कोण येतात. हे बिल वाढवायला का?

शंका येणं साहजिक आहे. कुठल्या व्हिजिटचे पैसे वेगळे आणि कुठल्या पॅकेजमध्येच, हे बिलिंगला सरळ विचारा. पण त्या माणसांना परत पाठवू नका, ही कळकळीची विनंती. मी ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात सीसीयूला, म्हणजे हार्ट पेशंटच्या आयसीयूला, सिस्टर आहे.

अटॅक घेऊन पेशंट दारात आला की १० मिनिटांत ईसीजी काढायचा असतो, आणि नस पूर्ण बंद असेल तर साधारण ९० मिनिटांच्या आत उघडायची असते. तेव्हा कॅज्युअल्टी, कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करतात ती खोली), कार्डिऑलॉजिस्ट सगळे धावतात आणि कुणालाच ती माणसं जास्तीची वाटत नाहीत. नंतरचं काम संथ असतं, म्हणून ते फालतू वाटतं. नसेत बसवलेल्या जाळीने, म्हणजे स्टेंटने, अडलेली जागा मोकळी झाली; बाकीच्या नसांतली चरबी, बीपी, शुगर, तंबाखू हे सगळं वडिलांबरोबर घरीच येणार आहे.

मागे एका काकांच्या डिस्चार्जला फार्मासिस्ट मॅडमनी घरच्या गोळ्यांची पिशवी मागितली. काकूंनी ती पलंगावर रिकामी केली. फॅमिली डॉक्टरांनी पूर्वीच सुरू केलेली अ‍ॅस्पिरिन त्यात होती, आणि नव्या कॅप्सुलमध्येही अ‍ॅस्पिरिन होतीच. नाव वेगळं, रंग वेगळा. काकूंनी दोन्ही दिल्या असत्या. शिवाय गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक. अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या देतात, त्यांच्यासोबत ही पेनकिलर घेतली की पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, आणि हृदयालाही ती चांगली नाही. कार्डिऑलॉजिस्टनी लिहिलेलं प्रिस्क्रिप्शन अगदी बरोबर होतं. पण ती पिशवी त्यांच्यासमोर कधी आलीच नव्हती.

फिजिओ पॅसेजमध्ये चालवतात तेव्हा आधी, मध्ये आणि नंतर नाडी-बीपी बघतात. काहींचं बीपी उभं राहिल्यावर घसरतं. झोपलेल्या पेशंटच्या चार्टवर ते दिसत नाही. ते आमच्याकडे कळवतात आणि राउंडला डॉक्टर डोस बदलतात. तुमच्या बिल्डिंगला लिफ्ट नसेल, नौपाड्यात अशा जुन्या इमारती आहेत, तर आत्ताच सांगा. जिना चढवून बघूनच घरी पाठवलेलं बरं.

डाएटिशियनला घरी खरंच काय शिजतं ते सांगा, सुकट आणि लोणच्यासकट. वडील गप्प गप्प झाले असतील, रात्री दचकून उठत असतील, तर तेही कुणाला तरी सांगा. अटॅकनंतर उदासी बऱ्याच जणांना येते, आणि मग गोळ्या चुकतात.

मला चीड येते ती डिस्चार्जच्या दिवसाची. मुलगा टीपीएच्या, म्हणजे विम्याचे क्लेम बघणाऱ्या एजन्सीच्या, अप्रूव्हलसाठी खाली-वर करत असतो आणि गोळ्यांची सगळी माहिती घाईत त्याच्याच कानावर घातली जाते. घरी गोळ्या देणारी आई बाहेर बाकावर बसलेली असते. तुम्ही असं होऊ देऊ नका. आदल्या दिवशीच सिस्टरना सांगून वेळ ठरवा, आईला आत आणा, घरच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. कुठली गोळी कधी आणि किती महिने, हे आईकडूनच परत म्हणवून घ्या. रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या बहुतेकांना साधारण वर्षभर असतात. दात काढायचा म्हणून दाताच्या डॉक्टरांनी बंद करायला सांगितल्या, तरी आधी कार्डिऑलॉजिस्टला फोन करा. स्टेंट नवा असताना त्या मध्येच बंद केल्या तर आत गुठळी होऊन पुन्हा अटॅक येऊ शकतो.

छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट गोळी दिली असेल तर ती नेहमी बसवून द्या, उभ्याने घेतली तर चक्कर येते. आणि छातीत पुन्हा तसंच दुखलं तर अ‍ॅसिडिटी म्हणून सकाळपर्यंत थांबू नका, १०८ लावा. घोडबंदर रोडला राहत असाल तर रात्री-अपरात्री कॅथलॅब चालू असलेलं जवळचं हॉस्पिटल कुठलं, हे घरातल्या सगळ्यांना आत्ताच माहीत असू द्या.